उपवासकाळ : बापाने पुरं होऊ न दिलेलं वाक्य

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडा आणि १८, १९ व २१ ही वचनं एकाखाली एक लिहून काढा. येशूने सांगितलेल्या दाखल्यातला उधळ्या पुत्र, बापाकडून घेतलेला वाटा उडवून बसलेला, डुकरं राखता राखता घरी गेल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवतो. तीन वाक्यं आहेत. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही. मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. आता २१वं वचन पाहा. बापासमोर त्याच्या तोंडून दोनच वाक्यं निघतात. तिसरं येतच नाही, कारण तोवर बापाने चाकरांना झगा, अंगठी आणि जोडा आणायला पिटाळलेलं असतं. आणि त्याही आधी, २०व्या वचनात, मुलाने तोंड उघडायच्या आत बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो.

हा दाखला उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दर वर्षी मिस्सात, म्हणजे कॅथोलिक उपासनेत, वाचला जातो. शिवाय दर तीन वर्षांनी एकदा, जसा २०२५ मध्ये आला आणि पुढे २०२८ मध्ये येईल, तो चौथ्या रविवारीही असतो. तरी आपल्यापैकी पुष्कळजण हे चाळीस दिवस त्या न बोललेल्या तिसऱ्या वाक्याच्या आधारावर काढतात. मटण सोडलं, गोड सोडलं, शुक्रवारची ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना एकदाही चुकवली नाही, म्हणजे आता देवाने आपल्याकडे बघावं. ही मोलकऱ्याची मजुरी झाली. उपवासकाळातली सगळी साधनं, राख, उपवास, दानधर्म, पापनिवेदन (धर्मगुरूपाशी पापांची कबुली), ही मुलासाठी आहेत. देवाची प्रीती त्यांनी मिळत नाही, ती आधीच निघालेली असते. या साधनांनी आपलं तोंड तिच्याकडे वळतं, एवढंच. हे एकदा मनात बसलं की प्रत्येक गोष्ट करायची रीत थोडी थोडी बदलते. ती कशी, तेच पुढे लिहिलं आहे.

आधी दिवसांचा हिशेब. कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. रविवार उपवासाचा नसतो, तो उपवासकाळातही पुनरुत्थानाचाच दिवस असतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून कधी होळीच्या पौर्णिमेमागून ईस्टर येतो, जसा २०२४ मध्ये ३१ मार्चला आला, तर कधी हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून, जसा २०२६ मध्ये ५ एप्रिलला. राखेचा बुधवार त्यामुळे ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कुठेही पडतो.

राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. घरात क्रुसामागे किंवा देवघरात खोचून ठेवलेली झावळी बुधवारच्या आठ-दहा दिवस आधी चर्चमध्ये नेऊन द्यावी. ज्यांच्याकडे राख करण्याचं काम असतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. दमट असल्या तर नुसता धूर होतो आणि अर्धवट जळलेल्या तपकिरी काड्या उरतात, त्या खलात कुटूनही बारीक होत नाहीत. लोखंडी घमेल्यात, मोकळ्या हवेत जाळाव्या, पूर्ण गार होऊ द्याव्या, खलाव्या आणि बारीक चाळणीने दोनदा चाळाव्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : राखेत पाणी घालून तिचा लगदा करून ठेवू नये. राखेतले क्षार पाण्यात उतरतात आणि त्या पाण्याने कातडी भाजते. अशा ओल्या राखेने लोकांच्या कपाळावर फोड आल्याचं घडलेलं आहे. राख कोरडीच लावावी. आशीर्वादासाठी तीर्थाचे चार थेंब पुरतात.

त्या दिवशी कपाळावर राख लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एकात आपण माती असल्याची आठवण आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचं आवाहन. पण मिस्सात त्याआधी म्हटलं जाणारं ५१वं स्तोत्र नीट ऐका. दावीद राजाची ही कबुली. तिची पहिली ओळ पापाबद्दल नाही, देवाच्या वात्सल्याबद्दल आहे. मूळ हिब्रूत तिथे ‘हेसेद’ शब्द आहे, म्हणजे दिलेला शब्द न मोडणारी माया. त्याच वचनात करुणेसाठी जो शब्द येतो त्याचं मूळ ‘रेहेम’ या शब्दाशी जुळतं, आणि रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय. दावीद पापाकडे वळतो तो या दोन शब्दांना धरून. पापाची उजळणी करताना हाच क्रम ठेवावा.

पुढच्या चाळीस दिवसांत रोजच्या वाचनांमध्ये ही प्रीती मुद्दाम पेरून ठेवल्यासारखी आहे, आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते, कारण रविवारच्या वाचनांवर प्रवचन होतं आणि आठवड्यातली वाचनं कुणी उघडत नाही. वहीत एवढे दिवस लिहून ठेवा. राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार : यशया ५८, देवाला कोणता उपवास आवडतो. दुसऱ्या आठवड्याचा शनिवार : मीखा ७, देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो, आणि त्याच दिवशी उधळ्या पुत्र. तिसऱ्या आठवड्याचा शुक्रवार : होशेय १४, बेइमान झालेल्या लोकांवर देव मोकळ्या मनाने प्रीती करायला तयार आहे. चौथ्या आठवड्याचा बुधवार : यशया ४९. आई तान्ह्या लेकराला विसरेल काय? ती एक वेळ विसरेल, मी विसरणार नाही, असं देव म्हणतो. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला, त्या वर्षीच्या क्रमाप्रमाणे रविवारी किंवा सोमवारी, योहान ८ : दगड घेऊन आलेले लोक वडीलधाऱ्यांपासून एकेक करून निघून जातात आणि व्यभिचारात पकडलेली ती बाई व येशू दोघंच उरतात. बाकीचे दिवस चुकले तरी हे पाच चुकवू नका.

वाचायचं कसं? वीस मिनिटं पुरतात, शक्यतो पहाटे, घर जागं होण्याआधी. फोन दुसऱ्या खोलीत आणि बायबल छापील. फोनवर बायबल उघडलं की वर निरोप येतो, तो बघितला जातो आणि वीस मिनिटं तिथेच संपतात. दोन-तीन मिनिटं गप्प बसा. उतारा मोठ्याने, सावकाश वाचा. पुन्हा एकदा वाचा. दुसऱ्या वाचनात एखादा शब्द अडेल. यशया ४९ वाचताना समजा ‘विसरणार नाही’ अडलं, तर तेवढाच धरून बसा. मग त्या शब्दाबद्दल देवाशी आपल्या रोजच्या भाषेत बोला, आणि शेवटची पाच मिनिटं काहीही न बोलता थांबा. मठांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली ही रीत आहे : वाचन, मनन, प्रार्थना आणि नुसतं देवाजवळ असणं. ती बिघडते ती दुसऱ्या पायरीवर. आपण उताऱ्याचा अभ्यास करायला लागतो, इतिहास शोधतो, मनातल्या मनात दुसऱ्या कुणासाठी प्रवचन तयार करतो. तसं होतंय असं वाटलं की पुन्हा त्या एका शब्दावर यावं. लक्ष भरकटलं म्हणून स्वतःवर रागावू नये. वीस मिनिटांत वीसदा भरकटलं आणि वीसदा परतलं, तर वीसदा देवाकडे वळणं झालं.

रात्रीसाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी दिलेली मनाची तपासणी आहे, तिला दहा मिनिटं पुरतात. तिच्या पाच पायऱ्या आहेत : आभार, प्रकाशासाठी मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. आपण सरळ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि ती प्रार्थना कोर्ट होऊन बसते. रोज गुन्हा, रोज शिक्षा. आठवडाभरात कंटाळा येतो आणि वही बंद होते. इग्नेशियस यांनी आभार पहिले ठेवले ते उगाच नव्हे. वहीत रोज दोनच ओळी लिहा. आज प्रीती कुठून मिळाली? आज ती माझ्यापाशी कुठे अडली? आणि उत्तरं बारीक हवीत. ‘देवाने सांभाळलं’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘गुडघा दुखतोय हे न सांगताच सुनेने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली’ असं लिहा. तीन आठवड्यांनी मागची पानं चाळलीत तर तीच तीच दोन-तीन माणसं पुन्हा पुन्हा दिसतील. देव तुमच्यापर्यंत कुणाच्या हाताने पोहोचतो ते तिथे लिहिलेलं असेल.

आता उपवास. कॅथोलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे आणि मांसवर्जनाचे आहेत. मांसवर्जन वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपवास १८ पूर्ण झाल्यापासून ६०वं वर्ष लागेपर्यंत. उपवास म्हणजे दिवसातून एकच पोटभर जेवण, आणि बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होणार नाही इतकं. घरच्या भाषेत सांगायचं तर सकाळी चहा आणि अर्धी भाकरी, दुपारी वरण-भात-भाजीचं जेवण, रात्री वाटीभर पेज. पेजेसाठी एक वाटी उकडा तांदूळ आणि आठ वाट्या पाणी, मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत. मीठ शेवटी घाला आणि सोबत एखादी लोणच्याची फोड घ्या. बाकीच्या शुक्रवारांसाठी आपल्या धर्मप्रांताची सूचना पाळावी.

मासळी या नियमात बसते. मात्र वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यात मटण सोडून पापलेट आणि कोळंबीचं ताट वाढलं, तर नियम पाळला गेला आणि उपवास राहून गेला. ताटात आदल्या दिवसापेक्षा काहीतरी कमी झालं पाहिजे आणि ते कमी झालेलं जाणवलं पाहिजे. संध्याकाळी पाच वाजता पोटात जी पोकळी जाणवते, तीच त्या दिवसाची प्रार्थना. तिथे ‘मला तुझी गरज आहे’ एवढं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

प्रकृती बघितल्याशिवाय उपवास करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं, तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारावं. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना उपवासाचं बंधन नाही. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. ज्यांना चहा सोडायचा आहे त्यांनी तो बुधवारी एकदम सोडू नये, दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागतं आणि घरातल्या सगळ्यांना त्याची झळ बसते. आधीच्या आठवड्यात रोज थोडा थोडा कमी करत आणा. आणि निश्चय करताना एकच करा, मोजता येईल असा. ‘कमी रागावेन’ हा निश्चय टिकत नाही. ‘जेवताना फोन ताटाजवळ नसेल’ हा टिकतो.

उपवासातून जे शिल्लक राहिलं ते कुणाच्या तरी पोटात गेलं पाहिजे. यशया ५८चा सगळा रोख तोच आहे : आपली भाकर भुकेल्याला वाटून दे. मटणाचे, बाहेरच्या खाण्याचे आठवड्याला समजा ३०० रुपये वाचले, तर सहा आठवड्यांचे १,८०० होतात. जेवणाच्या टेबलावर एक डबा ठेवा आणि ज्या दिवशी वाचले त्याच दिवशी पैसे त्यात टाका, मुलांच्या हाताने टाकले तर उत्तम. शेवटी एकदम काढायचे म्हटलं की ते पैसे घरखर्चात विरून जातात. धर्मग्रामातली (आपल्या चर्चच्या हद्दीतली) गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी किंवा कॅरितास इंडियाची उपवासकाळातली मोहीम यांना ते देता येतात. ओळखीतल्या अडचणीतल्या घराला द्यायचे असतील तर हातात पाकीट देण्यापेक्षा वाण्याकडे त्यांच्या खात्यावर भरावेत, नाव न सांगता. राखेच्या बुधवारीच वाचल्या जाणाऱ्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने सांगितलं आहे की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये. घेणाऱ्याची मान खाली जात नाही हा त्यातला मोठा फायदा.

पापनिवेदन तिसऱ्या आठवड्याच्या आत करून टाका. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात रांगा लागतात, फादर थकलेले असतात आणि आपणही घाईत आटोपतो. आधी पंधरा मिनिटं शांत बसून तयारी करावी. आत गेल्यावर शेवटचं पापनिवेदन कधी झालं ते सांगा, मग पापांची नावं साध्या शब्दांत. गंभीर पाप असेल तर ते साधारण किती वेळा घडलं तेही. हे बिघडतं दोन प्रकारे. एक, आपण नवऱ्याची, सासूची, भावकीची पापं सांगत बसतो. दुसरं, ‘काही चुका झाल्या असतील’ असं मोघम बोलून मोकळे होतो. मोघम पापाला क्षमाही मोघमच वाटते. खोटं बोलून भावाचा हिस्सा दाबला असेल तर तेच बोलावं. मग जी क्षमा मिळते ती नेमक्या त्या जखमेवर लागते. पंधरा-वीस वर्षांनी जाणाऱ्यांनी सुरुवातीलाच तसं सांगावं, पुढचं फादर विचारून विचारून करून घेतात. क्षमेची प्रार्थना चालू असताना आपली प्रार्थना पुटपुटत बसू नका, ऐका. तिची सुरुवातच देवाला दयेचा पिता म्हणून होते.

शुक्रवारची क्रुसाची वाट चौदा स्थानांची, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांची, असते. ही चौदाची संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये पक्की केली. एका स्थानाला दोन मिनिटं धरली तरी अर्धा तास होतो. लांबलचक मजकूर भराभर वाचण्यापेक्षा चार ओळी वाचून थांबलेलं बरं. गुडघे साथ देत नसतील तर बसून करावी. घरी लहान मुलांबरोबर रोज रात्री एकच स्थान घ्या, चौदा रात्री पुरते.

या वाटेवर येशू तीनदा पडतो : तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. शुभवर्तमानांत हे पडणं लिहिलेलं नाही, भक्तांच्या परंपरेने ते राखलं आहे. अंतरं बघा. पहिल्या आणि दुसऱ्या पडण्यामध्ये तीन स्थानं आहेत : आई भेटते, शिमोन खांदा देतो, वेरोनिका तोंड पुसते. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये एकच. म्हणजे पुढे पुढे पडणं लवकर लवकर येतं. आपला निश्चयही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोडतो. कुणाच्या तरी लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, नाहीतर नुसत्या थकव्याने. मग ‘आता काय, यंदाचा उपवासकाळ वाया गेला’ म्हणून लोक सगळंच सोडून देतात. मोलकऱ्याचा खाडा झाला की मजुरी कापली जाते, हा हिशेब इथे पुन्हा डोकं वर काढतो. ज्या दिवशी मोडलं त्याच रात्री वहीत तसं लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निश्चय पुन्हा धरा. दंड म्हणून तो वाढवू मात्र नका. वाढवलेला निश्चय तीन दिवसांत परत मोडतो.

गुड फ्रायडेला मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो की मेथडिस्ट, दुपारी बारा ते तीन ही उपासना बऱ्याच ठिकाणी होते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक मनन असतं. कॅथोलिकांनीही एखाद्या वर्षी तिथे जाऊन बसावं. सात उद्गारांतला पहिला ‘हे बापा’ असा सुरू होतो, क्षमा मागणारा, तीही मारणाऱ्यांसाठी. शेवटचाही ‘हे बापा’ असाच, आत्मा त्याच्या हाती सोपवणारा. चौथ्यात मात्र बाप हा शब्द नाही. तिथे बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, देवाने टाकून दिलेल्या माणसाची. ज्यांना या दिवसांत प्रार्थना करताना काहीही जाणवत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, त्यांनी या चौथ्या उद्गारापाशी बसावं. तिथे बोलणारा पुत्रच आहे.

पवित्र शनिवारी दिवसभर मिस्सा नसते, वेदीवर कापडही नसतं. घरात अंडी, उद्याचा स्वयंपाक यांची गडबड असतेच. तरी दुपारचा अर्धा तास काढून उपवासकाळाची वही पहिल्या पानापासून वाचा.

त्या रात्रीचा ईस्टरचा जागरणविधी अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्कामेणबत्ती पेटते आणि काळोख्या चर्चमध्ये शिरते. जुन्या करारातली सात वाचनं असतात. काही ठिकाणी कमी घेतात, पण तांबड्या समुद्राचं वाचन वगळता येत नाही. लहान मुलांना दुपारी झोपवून न्या. घरून मेणबत्ती नेत असाल तर तिला पुठ्ठ्याची चकती लावा, नाहीतर मेण हातावर आणि पुढच्याच्या कपड्यांवर सांडतं. ज्योत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते तेव्हा पेटलेली मेणबत्ती तिरकी करायची नसते, ती सरळच धरून ठेवायची. जिची वात अजून पेटायची आहे ती मेणबत्ती तिच्याकडे झुकवायची आणि ज्योत धरेपर्यंत तशीच ठेवायची.